पंखा बंद, बैठक सुरू

घरी गाण्याची बैठक ठरली की पहिला खटका उडतो तो पंख्यावरून. यजमानांना पाहुण्यांच्या घामाची काळजी, गाणाऱ्याला तंबोऱ्याची. छताचा पंखा तीनवर असला तर तंबोरा वाजताना दिसतो, पण ऐकू येतो निम्माच. खर्जाच्या तारेतून आपोआप उमटणारा गंधार पंख्याच्या घरघरीत विरून जातो. मग कुणीतरी उठून बटण बंद करतं, कडेची मंडळी खिडक्या उघडतात, तेवढ्यात खालून रिक्षा जाते आणि खिडक्या पुन्हा बंद होतात. स्वयंपाकघरातला फ्रीज इतका गुरगुरतो हे घरच्यांनाही त्याच दिवशी कळतं. मुरलेले यजमान बैठकीपुरता फ्रीजही बंद ठेवतात आणि आइस्क्रीमचा बेत आधीच रद्द करतात.

गेल्या काही वर्षांत मुंबई-पुण्यात, कोल्हापुरात, गोव्यात आणि परदेशातल्या मराठी घरांतही अशा छोट्या बैठका पुन्हा भरू लागल्या आहेत. तीस-चाळीस माणसं, एक गायक, तबला, पेटी, दोन तंबोरे. त्यांच्याविषयी बोलताना बहुतेकांचा सूर जुन्या वैभवाच्या आठवणींत शिरतो. लोड, तक्के, अत्तर, चांदीचा पानाचा डबा. मला हे फारसं पटत नाही. लोड-तक्के मांडूनही बैठक फसते आणि साध्या सतरंजीवरही ती रंगते. बैठक ही आधी आवाजाची सोय आहे. ख्यालगायकी ज्या मापाच्या खोलीत वाढली, त्या मापाच्या खोलीत तिचं काय होतं आणि त्या खोलीतून बाहेर पडल्यावर काय झालं, हे कळलं तर बैठक कशासाठी परत आणायची याचं उत्तर सापडतं.

तंबोऱ्यापासून सुरुवात करू. चांगला तंबोरा बहुधा मिरजेचा. तिथल्या सतार-तंबोऱ्यांना २०२४ साली भौगोलिक मानांकनही मिळालं. भोपळा पंढरपूरच्या बाजूचा. तारा चार: पहिली पंचमाची, आणि रागात पंचम नसेल तर मध्यमाची किंवा निषादाची, मधल्या दोन जोडीच्या, शेवटची खर्जाची. या तारा ज्या घोडीवरून जातात तिचा माथा बघायला सपाट वाटतो, पण त्याला अगदी हलका उतार घासून दिलेला असतो. तार आणि घोडी यांच्यामध्ये सुताचा एक दोरा सरकवतात. तो केसभर पुढेमागे झाला की आवाज मिटतो किंवा उघडतो. गायक मान वाकवून, भोपळ्याशी कान नेऊन, एका बोटाने तो दोरा सरकवत बसतो आणि नवख्या श्रोत्याला वाटतं, अजून सुरू का होत नाही? वास्तविक सुरू झालेलं असतं. दोरा नेमक्या जागी आला की तार थरथरताना घोडीच्या उतारावर पुन्हा पुन्हा टेकते आणि एका सुराच्या पोटातून वरच्या सुरांची अख्खी रांग बाहेर पडते. मग खुंट्या सोडून खालचे मणी सरकवायचे, जोडी एकमेकींत मिसळवायची. दोन तारा आहेत हे कानाला कळेनासं झालं की जोडी लागली.

चंद्रशेखर वेंकट रामन यांनी १९२१ साली याच घोडीवर एक शोधनिबंध लिहिला होता. नियम असा की तार एखाद्या बिंदूवर छेडली, तर ज्या उपस्वरांचा स्थिर बिंदू तिथेच पडतो ते उपस्वर ऐकू येता कामा नयेत. तंबोऱ्यात आणि वीणेत ते खणखणीत ऐकू येतात. घोडीच्या उतारामुळे हा नियम मोडतो, हे रामन यांनी दाखवून दिलं. नोबेल मिळायला तेव्हा अजून नऊ वर्षं होती.

आता अडचण अशी की ही सुरांची रांग फार नाजूक असते. मोकळ्या जागेत अंतर दुप्पट झालं की आवाजाची पातळी सहा डेसिबलने उतरते. तंबोऱ्यापासून दोन हातांवर बसलेल्याला जे ऐकू येतं, ते सोळा हातांवर बसलेल्याला अठरा डेसिबल कमी मिळतं, आणि खोलीतली साधी कुजबुजही ते झाकून टाकते. भिंतींवरून परतणारा आवाज थोडी भरपाई करतो, पण त्याचंही गणित आहे. पाश्चात्त्य वाद्यवृंदासाठी बांधलेल्या मोठ्या सभागृहांत आवाज विरायला सुमारे दोन सेकंद लागतात. त्या संगीताला ते हवंही असतं, कारण अनेक वाद्यांचे सूर तिथे एकमेकांत मिसळायचे असतात. ख्यालात द्रुत तान सेकंदाला सात-आठ सुरांनी धावते. दोन सेकंदांच्या घुमाऱ्यात एका वेळी पंधरा-सोळा सूर हवेत लोंबकळत राहतील आणि तानेचा चिखल होईल. पडदे, गाद्या, पुस्तकांचं कपाट आणि दाटीवाटीने बसलेली माणसं असलेल्या दिवाणखान्यात हाच काळ अर्ध्या सेकंदाच्या आसपास येतो. प्रत्येक दाणा सुटा लागतो आणि तरी खोली कोरडी वाटत नाही. रिकाम्या फ्लॅटमध्ये, नुसत्या फरशीवर टाळी वाजवून पाहा आणि मग तिथेच सतरंज्या घालून चाळीस माणसं बसवा. माणसांचे कपडे आणि अंगं आवाज शोषतात, म्हणून बैठकीत श्रोते हे ध्वनिव्यवस्थेचाच भाग असतात. वेगळ्या अर्थानेही असतात, त्याकडे येऊच.

हेच काम हजार लोकांसाठी करायला किती खटाटोप लागतो, याचं उदाहरण मुंबईत नरिमन पॉइंटला उभं आहे. राष्ट्रीय संगीत नाट्य केंद्राचं टाटा थिएटर १९८० साली उघडलं. वास्तुकार फिलिप जॉन्सन, ध्वनितज्ज्ञ सिरिल हॅरिस, आसनं १०१०. भारतीय संगीत विजेच्या मदतीवाचून ऐकता यावं, हा त्या रचनेमागचा एक हेतू होता. पन्नास माणसांसाठी मात्र कुणाच्याही घरातली बरी मोठी खोली पुरते.

माईकला शिव्या घालायची पद्धत आहे. मी त्यात सामील व्हायला तयार नाही, निदान पूर्णपणे नाही. माईक नव्हता तेव्हा मोठ्या जमावापुढे गाणाऱ्याला आवाज फेकावा लागे आणि पट्टी चढी ठेवावी लागे. टिळक स्वराज्य फंडासाठी बालगंधर्व आणि केशवराव भोसले यांनी १९२१ साली मुंबईत संयुक्त मानापमान केलं, तेव्हा खच्चून भरलेल्या थिएटरात शेवटच्या रांगेपर्यंत पोचायला त्यांच्याजवळ गळ्याशिवाय काही नव्हतं. तो गळा घडवायला आयुष्य जाई, आणि ज्यांच्याकडे सूर होता पण फेक नव्हती ते मागे राहत. माईक आल्यावर हळू बोलणाऱ्या सुरालाही मोठा श्रोतृवर्ग मिळाला. अमीर खाँसाहेबांची ती मंद्रात रेंगाळणारी, झुमऱ्याच्या अतिविलंबित लयीत एकेक सूर उलगडणारी गायकी माईकशिवाय हजारो लोकांपर्यंत पोचली असती असं मला वाटत नाही.

पण माईकने एक खोडी केली. प्रत्येक आवाज वेगवेगळा पकडून, वेगवेगळा वाढवून, दोन कर्ण्यांतून एकत्र बाहेर काढला. त्यामुळे कोण कुणापेक्षा मोठा हे ठरवणारा माणूस मंचावर न राहता मिक्सरवर जाऊन बसला. बैठकीत तबलजी हात आवरतो, कारण गायकाचा आवाज त्याच्या कानावर थेट पडत असतो. हॉलमध्ये त्याच्यासमोर मॉनिटर असतो आणि तोही म्हणतो, जरा माझा वाढवा. मग गायकाला आपला वाढवून हवा असतो. मग पेटीला. तासाभराने सगळंच मोठं झालेलं असतं आणि तंबोरा कुठे आहे हे विचारायलाही कुणाला सुचत नाही, कारण त्याच्या जागी मोबाइलमधला तंबोरा केव्हाच लागलेला असतो. बारीक हरकत, श्वास घेण्याची जागा, बंदिशीतल्या अक्षराचा ओठांवरचा उच्चार, डग्ग्यावरची तळहाताची घसट, या गोष्टी माईक पकडतो खरा, पण एकाच जाडीच्या करून देतो. बैठकीत त्यांची लहान-मोठी मापं शाबूत राहतात.

अंतर कमी झालं की नजरेचाही प्रश्न सुटतो. रंगमंचावर गायकाच्या तोंडावर झोत असतो आणि समोर काळोख. समोर कोण बसलंय, कोण डुलतंय, कुणाला कंटाळा आलाय, हे त्याला दिसत नाही. फक्त शेवटी टाळ्या ऐकू येतात. लिहून ठेवलेलं संगीत सादर करणाऱ्याला हे चालत असेल. ख्यालात पुढचं आवर्तन कसं भरायचं हे मागचं संपताना ठरतं. विलंबित एकतालाचं एक आवर्तन पाऊण मिनिटापासून मिनिटभरही चालतं, आणि त्यात कुठून निघावं, कुठे थांबावं, समेवर कसं यावं याचे निर्णय दर क्षणी घ्यावे लागतात. समोर दोन हातांवर बसलेल्या जाणकाराच्या तोंडून निषादावर नुसता ‘अहा’ निघाला, तर गायक त्या निषादाला आणखी दोन वळसे घालून येतो. कुणी चुकीच्या जागी मान हलवली तरी त्याला दिसतं. बैठकीत दिवा सगळ्यांवर सारखा असतो, म्हणून दाद देण्याघेण्याचा व्यवहार दोन्ही बाजूंनी चालतो. यात एक भीतीही असते बरं का. समोरच्या रांगेत गुरुबंधू किंवा घराण्यातलं कुणी वडीलधारं बसलं, तर भल्याभल्यांचा षड्ज पहिली पाच मिनिटं हलतो.

ही सगळी रचना राजवाड्यांत आणि हवेल्यांत घडली, आणि इथे जरा सावध राहायला हवं. जुन्या बैठकीचं दार सगळ्यांना उघडं नव्हतं. संस्थानिक, सावकार, शेटजी यांच्या मर्जीवर गाणारा जगत असे. अल्लादिया खाँसाहेबांची हकीकत प्रसिद्ध आहे. आमलेटा संस्थानात दिवसचे दिवस गायला लावल्यामुळे त्यांचा आवाज गेला, आणि परत आला तो बदललेला. त्या बदललेल्या आवाजाला पेलेल अशी वक्र, पेचदार गायकी त्यांनी घडवली, तीच आज जयपूर-अत्रौली म्हणून आपण डोक्यावर घेतो. पुढे शाहू महाराजांनी त्यांना कोल्हापुरात आणलं, सन्मानाने ठेवलं. १९२२ साली महाराज गेले आणि खाँसाहेबांना मुंबई गाठावी लागली. आश्रयदाता देव असला तरी तो एकच असतो, आणि तो गेला की गाणं रस्त्यावर येतं.

स्त्रियांची गोष्ट आणखी अवघड. गोव्याच्या देवळांशी बांधलेल्या कलावंत घराण्यांतल्या आणि उत्तरेतल्या बाई म्हणवल्या जाणाऱ्या गायिकांनी बैठकीचं गाणं जपलं, वाढवलं, आणि त्याच बैठकीने त्यांना घरंदाजपणाच्या उंबऱ्याबाहेर ठेवलं. हिराबाई बडोदेकर तिकीट लावून जाहीर मैफल करणाऱ्या पहिल्या काही गायिकांपैकी. तिकीट विकत घेतलेल्या अनोळखी माणसांसमोर, मंचावर बसून गाणं ही तेव्हा मानाची पायरी होती. शेटजींच्या माडीवरून उतरण्याची वाट होती. विष्णू दिगंबर पलुस्करांनी १९०१ साली लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढलं ते लोकांच्या पैशावर, दरबाराच्या नव्हे. तेव्हा मोठा हॉल आणि तिकीटबारी यांनी गाणं बिघडवलं, असं सरसकट म्हणणाऱ्याने ही बाजूही बघावी. आज बैठक परत आणताना जुन्या बैठकीतलं अंतर तेवढं घ्यावं. तिचं दार घेऊ नये.

महाराष्ट्राने यावर एक मधला मार्ग फार आधी काढला होता आणि मला तो राजवाड्यापेक्षा जास्त कामाचा वाटतो. मुंबईत पारशी मंडळींनी १८७० साली गायन उत्तेजक मंडळी काढली; तरुण भातखंडे तिथलेच सभासद. पुण्यात १८७४ साली पूना गायन समाज, कोल्हापुरात १८८३ साली देवल क्लब, आणि पुन्हा पुण्यात १९११ साली भास्करबुवा बखल्यांचा भारत गायन समाज. वकील, मास्तर, कारकून, डॉक्टर यांनी वर्गणी काढायची, जागा ठरवायची, गवयाला बोलवायचं. गिरगावातल्या ट्रिनिटी क्लबात गायक-वादक रोज संध्याकाळी जमत. लक्ष्मीबागेच्या हॉलमध्ये आणि ब्राह्मण सभेत मैफली होत. गणपतीत तर गिरगावातल्या रस्त्यावरच बैठक पडे आणि चाळीच्या कठड्यांवरून लोक ऐकत. तेजस्विनी निरंजना यांनी २०२० साली आलेल्या पुस्तकात या मुंबईचा सविस्तर मागोवा घेतला आहे. या वर्गणीदार मध्यमवर्गानेच हिंदुस्थानी संगीताला संस्थानं बुडाल्यावर तारून नेलं. पुढे मुंबईच्या उपनगरांत म्युझिक सर्कल निघाली ती याच पोटातून.

मग लोकांची संख्या वाढली. सवाई गंधर्व महोत्सव १९५३ साली भीमसेन जोशींनी गुरूच्या स्मरणार्थ सुरू केला आणि बघता बघता मांडव हजारोंचा झाला. त्यात वाईट काही नाही. पुण्यातल्या कित्येक पिढ्यांचे कान तिथे तयार झाले. पण मांडवाची एक मर्यादा कायद्याने घातली. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनी रात्री दहा ते सकाळी सहा उघड्यावर ध्वनिक्षेपक बंद केले, वर्षातून मोजक्या दिवशी बारापर्यंत सवलत ठेवून. नियम योग्यच आहे, शेजारी झोपलेल्यांच्या बाजूने आहे. त्याचा परिणाम मात्र थेट रागांवर झाला. रात्रभर चालणारी सवाईची सत्रं गेली. दरबारी आणि मालकंस यांच्या वाट्याला घड्याळाकडे बघत घेतलेला शेवटचा तास उरला. सोहनी, परज, ललत यांना त्यांची वेळच मिळेना. बंद सभागृहांना तो नियम तसा आड येत नाही, पण तिथे सत्राचं भाडं, कर्मचाऱ्यांची पाळी आणि प्रेक्षकांची शेवटची लोकल असतेच. दुपारची कथा तीच. गौडसारंग, भीमपलासी, मुलतानी यांच्या वेळेला लोक कचेरीत असतात आणि रविवारी नाट्यगृहात नाटक लागलेलं असतं.

घरात हे अडत नाही. कर्णा नाही, तर शेजाऱ्यांना दाराबाहेर जेमतेम गुणगुण जाते. रविवारी दुपारी तीनला जेवण आटोपून मुलतानी ऐकायला बसता येतं. पहाटे साडेचारला ललत ऐकून, चहा पिऊन, सातची गाडी पकडता येते. जे राग मंचावर केवळ वेळेअभावी मागे पडले, त्यांच्यासाठी तरी बैठक हवीच आहे, आणि मला विचाराल तर हे एकच कारण पुरेसं आहे.

पैशाचा विषय आपल्याकडे चहाबरोबर हळूच काढतात. मोकळेपणाने काढू. समजा, चाळीस माणसं आली आणि प्रत्येकी पाचशे रुपये ठेवले, तर जमतात वीस हजार. त्यात गायक, तबला, पेटी, तंबोऱ्यावर बसणारी दोन मुलं, टॅक्सी आणि बाहेरगावचा कलाकार असेल तर राहण्याची सोय. नामवंतांची बिदागी यात बसत नाही हे उघड आहे. पण तिशी-पस्तिशीतला तयार गायक, ज्याला महोत्सवात सकाळच्या सत्रात पाऊण तास मिळतो, त्याला इथे सलग अडीच तास मिळतात. दोन विलंबित ख्याल, मध्ये एखादा अनवट राग, शेवटी ठुमरी आणि भैरवी. पाऊण तासात गाणाऱ्याला आपल्याला काय येतं ते दाखवावं लागतं. अडीच तासांत त्याला गाता येतं.

‘यथाशक्ती’ लिहिलेली पेटी दाराशी ठेवण्याची पद्धत मला आवडत नाही. आलेला माणूस संकोचतो, कलाकार त्या पेटीकडे न बघण्याचा प्रयत्न करतो आणि यजमान रात्री नोटा मोजत बसतात. आकडा आमंत्रणातच लिहावा, विद्यार्थ्यांना निम्मा किंवा माफ ठेवावा. बिदागी आधी ठरवावी आणि ती तोंडी ठरवून ‘बघू मग’वर सोडू नये. साथीदारांचं पाकीट वेगळं, त्यांच्या हातात. मुख्य कलाकाराच्या हाती सगळे पैसे देऊन मोकळं होणं सोपं असतं, पण तबलजीला त्याचे मिळाले की नाही हे मग कुणालाच कळत नाही. जुन्या सर्कलांची वार्षिक वर्गणी हा अजूनही सगळ्यांत चांगला मार्ग आहे. वर्षाला सहा बैठका, पैसे आगाऊ, कुणाला बोलवायचं ते समिती ठरवणार. यामुळे एक फायदा असा होतो की लोक अमुक गायकासाठी न येता बैठकीसाठी येतात, आणि अनोळखी कलाकारालाही भरलेली खोली मिळते.

आता मोबाइल. बैठकीत समोर पाच फोन उभे राहिले की गायक सावध गातो. रात्री यूट्यूबवर चढणारी फसलेली तान आयुष्यभर तिथे राहणार, हे त्याला ठाऊक असतं. घरच्या बैठकीची खरी चैन म्हणजे चुकायची मुभा. नवा राग चाळून बघायचा, लय नेहमीपेक्षा उतरवायची, एखादी जागा तीनदा घेऊन चौथ्यांदा जमवायची. तेव्हा फोन बंद, असं आपण सहज म्हणून टाकतो. पण याला एक उलटी बाजू आहे. ७८ आरपीएमच्या तबकडीवर जेमतेम तीन-साडेतीन मिनिटांचं गाणं मावे. त्या पिढीतल्या गायकांचा तासाभराचा पसारा आज आपल्याला थोडाफार ठाऊक आहे, तो काही रसिकांनी घरगुती मैफलींत स्पूलच्या टेपा फिरवल्या म्हणून. त्यांनी नियम पाळला असता तर आपण भिकारी राहिलो असतो. माझ्या मते तोडगा असा: ध्वनिमुद्रण एकच, कलाकाराच्या परवानगीने, चित्राशिवाय, आणि त्याची प्रत आधी कलाकाराला. पुढे काय करायचं ते त्याने ठरवावं.

हल्ली बैठकीला ‘अनुभव’ म्हणून विकण्याची नवी चालही आली आहे. झेंडूच्या माळा, पितळी घंगाळात तरंगणारी फुलं, समया, आणि मध्ये तीस मिनिटांचा एक राग. फोटो छान येतात. अशा ठिकाणी बहुधा कोपऱ्यात दोन स्पीकर असतात आणि वातानुकूलन चालू असतं. यावरून ओळखावं की गाणं ही तिथली सजावट आहे. याच्या दुसऱ्या टोकाला मनापासून काम करणारी मंडळीही आहेत. मुंबईत फर्स्ट एडिशन आर्ट्सने ख्यालाला त्याची लांबी आणि जवळीक परत देणाऱ्या मैफली केल्या. पुण्यातलं बैठक फाउंडेशन शाळांत जाऊन, वर्गातल्या मुलांसमोर जमिनीवर बसून गाणं ऐकवतं. ज्या मुलांच्या घरी तंबोरा कधी आलाच नाही त्यांना तो हाताच्या अंतरावर वाजताना ऐकायला मिळतो. मिरजेत अब्दुल करीम खाँसाहेबांच्या स्मरणार्थ दर्ग्याच्या उरुसात कलाकार बिदागी न घेता हजेरी लावतात. ती काही खोलीतली बैठक नव्हे, पण तिथे गाणारा आणि ऐकणारा यांच्यात कठडा नसतो. अमेरिकेत उन्हाळी दौऱ्यावर गेलेले आपले कलाकार मोठ्या सभागृहाच्या एका कार्यक्रमाच्या आगेमागे घरगुती बैठका करतात. तिथल्या घरांच्या तळघरात गालिचा असतो, छत बुटकं असतं आणि रस्त्यावर हॉर्न वाजत नाही, त्यामुळे आवाजाच्या दृष्टीने ती तळघरं आपल्या फ्लॅटपेक्षा उजवी ठरतात.

आपल्या फ्लॅटमध्ये करायची तर थोडी तयारी लागते. गायकाला खोलीच्या लांब बाजूच्या मधोमध बसवावं, अरुंद टोकाला नको. म्हणजे शेवटचा श्रोताही तिसऱ्या-चौथ्या रांगेत येतो. त्याच्या पाठीशी भिंत असावी, काचेची खिडकी नको. पंखा बंदच राहणार असल्याने वेळ उन्हाळ्यात सकाळची ठेवावी. तबल्याला हातोडी मारून सूर जुळवायला आणि तंबोरे लावायला अर्धा तास वेगळा द्यावा, आणि तो लोकांसमोरच होऊ द्यावा. नव्या श्रोत्याला सूर लागणं म्हणजे काय हे त्या अर्ध्या तासात जेवढं कळतं तेवढं भाषणाने कळत नाही. गायकाने रागाचं नाव सांगावं, बंदिशीचे बोल एकदा म्हणून दाखवावेत, बस्स. गुडघे न वाकणाऱ्यांसाठी मागे भिंतीलगत खुर्च्या, लहान मुलं पुढे दाराजवळ, म्हणजे चुळबूळ झाली तर उठून जाता येईल. सोसायटीच्या सचिवांना आमंत्रण अवश्य द्यावं. चहा मध्यंतरात, कपबशांचा आवाज आतल्या खोलीत. आणि पुढची बैठक कुणाकडे, कोणत्या रविवारी, हे त्या चहाच्या वेळीच ठरवून टाकावं, कारण नंतर फोनाफोनी करून ती कधीच ठरत नाही.